चार टाक्यांचं ऑपरेशन

माझ्या धाकट्या बहिणीची पिशवी काढली, तेव्हा आई दांडिया बाजारातल्या घराला कुलूप लावून तिच्याकडे सुभानपुऱ्याला गेली. ती परत आलीच नाही. आधी टाके निघेपर्यंत राहते म्हणाली, मग बहीण हिंडूफिरू लागेपर्यंत, मग पावसाळा संपेपर्यंत. पुढे घरमालकाने खोल्या मागितल्या तेव्हा सामान टेम्पोत भरायला मीच गेले होते. शिवणयंत्र, पितळेचे डबे, गोधड्या. देवांची पेटी मी मांडीवर घेऊन पुढे बसले. टेम्पोवाल्याने गुजरातीत विचारलं, "बेन, क्यां लई जवानुं?" मी तोंड उघडायच्या आत आईने मागून सांगितलं, "सुभानपुरा."

माझं घर त्याच शहरात, वासण्याला. दोन्ही घरांत रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांचं अंतर. पण त्या दिवसापासून आईला भेटायचं तर मला बहिणीच्या दाराची बेल वाजवावी लागायची.

बहिणीचं ऑपरेशन मोठं होतं. पोट उघडून केलेलं. आजारपणाचा तो थाट मी रोज संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर बघायला जायची. बहीण पलंगावर, आई तिच्या उशाशी. आई तिच्या पोटाला पट्टा बांधायची, केसांना तेल लावायची, सूप गार करून चमच्याने भरवायची. "आई, उशी," असं बहीण नुसतं म्हणायची आणि आई गुडघे धरत उठायची. मी डबा ठेवायची, विचारपूस करायची आणि जळायची. दुसरा शब्द नाही त्याला. माझ्या बाळंतपणात बाबा आजारी होते, म्हणून आईला येता आलं नव्हतं. सगळं सासूबाईंनी केलं, चांगलं केलं, पण आईचा हात लागला नाही तो नाहीच. बहिणीची मात्र दोन्ही बाळंतपणं आईने केली, आणि आता हेही. पलंगावर पडलेली बहीण मला आजारी वाटायचीच नाही. बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी वाटायची.

आठ वर्षांनी माझ्याही पिशवीत गाठी निघाल्या.

तसं माझं दुखणं दोन वर्षं चालूच होतं. पाळी दहा-दहा दिवस चालायची, रक्ताच्या गुठळ्या पडायच्या, ओटीपोटात सतत काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटायचं. लघवीला तर दर तासाला पळावं लागायचं. गोळ्या घेतल्या. त्या चालू असेपर्यंत बरं, थांबवल्या की पुन्हा तेच. मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात काम करते. तयार होऊन आलेले सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते तपासायचं माझं काम. दिवसभर उभ्यानेच. कपाटातले फिकट रंगाचे सगळे कुडते मी कधीच बाजूला ठेवून दिले होते. तरीही एके दिवशी बाहेरून पाहणीला माणसं आलेली असताना, त्यांना समजावून सांगता सांगता, माझ्या पायांवरून ओघळ उतरलेला मला जाणवला. विभागातल्या एका तरुण मुलीने स्वतःची ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली आणि मला तिथून बाहेर नेलं. तिने पांढरी सलवार घातली होती. एवढी माया केली तिने, आणि मी बाथरूमच्या दारात भिंतीला टेकून तिच्या त्या पांढऱ्या सलवारकडे बघत राहिले. किती बिनधास्त घातली होती तिने ती!

हिमोग्लोबिन सातच्याही खाली गेलं होतं. सोनोग्राफीत बऱ्याच गाठी दिसल्या, त्यातली सगळ्यात मोठी मोसंबीएवढी. पिशवी फुगून साडेतीन महिन्यांच्या गरोदरपणाएवढी झाली होती.

आधी बहीण मला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयस्कर गृहस्थ, अबोल. रिपोर्ट पाहून म्हणाले, "पोट उघडून करू." विषय संपला. बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला तिच्या शाळेत प्रवेश मिळाला.

माझ्या यजमानांचा मात्र तेवढ्यावर विश्वास बसेना. ते रेल्वेत आहेत आणि कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या आग्रहाने आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला तासभर दिला. कागदावर पिशवीचं चित्र काढून कुठली गाठ कुठे आहे ते दाखवलं. नुसत्या गाठी काढता येतील, पण त्या पुन्हा वाढू शकतात. गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही एक उपाय असतो, पण माझ्या गाठी आणि माझं वय पाहता त्या स्वतः पिशवी काढण्याच्या बाजूने होत्या. अंडाशय जागेवर ठेवायचे, म्हणजे पाळी थांबली तरी रजोनिवृत्तीचा त्रास शरीराला एकदम होणार नाही. आणि हे पोटाला चार लहान छेद देऊन, दुर्बिणीने होण्यासारखं आहे.

"एवढी मोठी पिशवी चार भोकांतून कशी निघेल?" मी विचारलं. माझं निम्मं आयुष्य मापं घेण्यात गेलंय.

त्या हसल्या. "आतल्या आत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि तुकडे करून बाहेर काढायची, बेन. मी करते. पण आधी रक्त वाढवू. आणि मध्येच अडचण आली तर पोट उघडावं लागेल, त्याला तुमची तयारी हवी."

"आणि मी मुळातच पोट उघडून करा म्हटलं तर?"

"तर तसं करू. तेही चुकीचं नाही. पण बरं व्हायला जास्त वेळ लागेल. घरी कुणीतरी लागेल तुमच्याजवळ, महिना-दीड महिना."

घरी कुणीतरी लागेल. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. महिना-दीड महिना म्हणजे आईला यावंच लागेल. मुलगी बंगळूरला नोकरीला, यजमानांची पाळ्यांची ड्युटी, सासूबाई आता नाहीत. माझं पोट उघडलं तर आई सुभानपुरा सोडून वासण्याला येणार, माझ्या पोटाला पट्टा बांधणार, माझ्यासाठी गुडघे धरत उठणार.

घरी पोचल्यावर मी यजमानांना म्हटलं, "अहो, मोठंच करून घेऊ या का?"

त्यांना वाटलं मला ताप भरलाय. "चार टाक्यांत होत असताना?"

"मोठं म्हणजे पक्कं. सगळं डोळ्यांनी दिसतं डॉक्टरांना."

"दुर्बिणीतून जास्त मोठं दिसतं म्हणाल्या ना त्या!"

खरं कारण त्यांना सांगायची लाज वाटली. एकोणपन्नास वर्षांची बाई, लेक नोकरीला लागलेली, आणि हिला आई हवी.

शिरेतून लोह चढवायला सुरुवात झाली. त्या आठवड्यांत मी आईला विचारायला म्हणून सुभानपुऱ्याला गेले. बहीण घरातच होती, त्यामुळे उत्तर आधी तिनेच दिलं.

"ताई, माझं बघ. सगळं एकदाचं स्वच्छ झालं. त्या भोकांतून काय दिसतं गं त्यांना? आत काही राहिलं म्हणजे?"

"दिसतं म्हणे चांगलं."

"म्हणे! तुला नेहमी काहीतरी वेगळं हवं असतं."

मी आईकडे वळले. "आई, तुला काय वाटतं?"

आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लहान होत असेल तर लहान कर. हिचं पाहिलंय मी. पुन्हा तसं नको बघायला."

ते वाक्य मला अजून पाठ आहे, आणि तेव्हा ते मला कसं लागलं तेही. मला वाटलं, आई दमली. हिची सेवा करून आईची सगळी शक्ती संपली आणि माझ्या वाटणीचं काही उरलंच नाही. धाकटीने ताट चाटूनपुसून खाल्लं होतं.

मी रुसून बसले. तेवढ्यात बहिणीला शिंक आली. शिंकण्याआधी तिने हातातलं भांडं घाईने खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी पोट घट्ट दाबून धरलं, मग शिंकली. शिंक झाल्यावर थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली.

"अजून दुखतं?" मी विचारलं.

"दुखत नाही. बाहेर येतं काहीतरी, म्हणून धरायचं." असं म्हणून तिने भांडं उचललं. जड होतं, म्हणून आधी खुर्चीवर टेकवलं, मग पुन्हा उचललं. आईने हात पुढे केलाच होता.

आठ वर्षं मी त्या घरात जातेय. पलंगाशेजारी बसलेली आई मी रोज पाहिली. पलंगावर कोण होतं, त्याचं काय झालं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. टाक्यांच्या जागी हर्निया झाला होता तिला. एकदा बोलली होती, पण तिचं सगळंच बोलणं मी कौतुक करून घेण्यात जमा करायची. त्या दिवशी घरी आल्यावर मी यजमानांना म्हटलं, "दुर्बिणीनेच करू." त्यांनी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला, माझं मन पुन्हा फिरायच्या आत. आई मिळावी म्हणून पोट फाडून घेण्याइतकी मी अजून खुळी झाले नव्हते. पण आनंदाने ठरवलं असंही नाही. स्वस्तातला माल घेतल्यासारखं वाटत होतं.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं, पोट उघडावं लागलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता. मला वाटलं, टेबलावरून पाडलं की काय मला! नर्स म्हणाली, पोटात हवा भरतात ना, ती खांद्याला लागते, दोन दिवसांत जाईल. संध्याकाळी तिने मला उठवून बसवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि चालवलं. पोटावर चार छोट्या पट्ट्या. एक तर बेंबीत लपलेली, दिसतसुद्धा नव्हती.

शेजारच्या खाटेवर पादरा गावची एक तरुण बाई होती. तिच्याही गाठी काढल्या होत्या. तिची आई तिच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. सकाळपासून चेपत होती. मध्येच घरून आणलेला शिरा वाटीत काढून लेकीला भरवायची, मलाही विचारायची, "बेन, थोडुं लेशो?" मी नको म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

माझी आई संध्याकाळी आली, बहिणीबरोबर. जेमतेम दहा मिनिटं टेकली. बहिणीला गाडी लावायला जागा मिळाली नव्हती, ती खाली गाडीतच बसून होती आणि सारखे फोन करत होती. आईने माझ्या कपाळावरून हात फिरवला. "दुखतं का?" मी म्हटलं, "खांदा." आई म्हणाली, "बघ, म्हणजे पोटाला काहीच नाही." आणि फोन वाजला म्हणून उठली.

दोन रात्रींनी घरी सोडलं आणि तेव्हा मात्र आई आली. खरोखर आली, कापडी पिशवीत चार लुगडी, औषधांचा डबा आणि पोथी घेऊन. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नेमकी बंद. प्रत्येक मजल्यावर बसत बसत ती वर आली. दारात थांबून म्हणाली, "आठ दिवस राहीन." मी पलंगावरून ऐकलं आणि मनात म्हटलं, राहशील गं, बघते मी.

पहिले दोन दिवस माझे होते. मऊ भात, मेतकूट, वर तूप. डोक्याला तेल. दुपारी आई माझ्या शेजारी आडवी व्हायची आणि तिच्या अंगाला येणारा कापराचा वास मला यायचा. मी मुद्दाम कण्हायची. थोडं दुखायचंच, पण जेवढं दुखायचं त्याहून थोडं जास्त कण्हायची.

नातेवाइकांचे फोन यायला लागले. "चार टाक्यांचं तर ऑपरेशन, आता काय, उठून बसली असेल." मी चिडायची. आतल्या बाजूला टाके होते, ते भरायला तेवढाच वेळ लागतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण आतलं कुणाला दाखवणार? बहिणीच्या पोटावर बेंबीखालून उभा व्रण होता. तो पदराआड असूनही सगळ्यांना ठाऊक होता. बायका कौतुकाने विचारायच्या, तीही सांगायची. माझ्याजवळ दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून आईची घालमेल सुरू झाली. सारखी गॅलरीत जाऊन खाली बघायची. टीव्ही नको म्हणायची. पोथी उघडायची, मिटायची. चौथ्या दिवशी सकाळी तिला डुलकी लागली होती, म्हणून मी उठून चहा टाकला. फक्त चहा. आईने डोळे उघडले, मला ओट्यापाशी उभी पाहिली आणि तिचा चेहराच उजळला.

"बरी झालीस की! मग मला उद्या सुभानपुऱ्याला सोडायला सांग."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आई, तिच्याकडे दोन महिने राहिलीस. आठ वर्षं राहिलीस. माझ्याकडे चार दिवस नाही काढवत तुला?"

आवाज चढला होता माझा. आई उठून बसली.

"तुला काय वाटतं, मी तिच्यासाठी राहते तिथे?"

"मग कुणासाठी?"

"अगं, तिथे तळमजला आहे. बाहेर ओटा आहे. संध्याकाळी चौघीजणी येतात, भजन म्हणतो, भाजी निवडतो. ती समोरची गुजरातण मला रोज ताक आणून देते. इथे तुझ्या घरातून खाली उतरले तर वर कशी येऊ मी? दिवसभर आभाळ बघत बसायचं?"

आठ वर्षं मी बहिणीवर जळत आले होते, आणि आई तिथे राहिली होती ती एका ओट्यासाठी आणि ताकाच्या पेल्यासाठी! सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण छे. आता मी त्या चौघींवर जळायला लागले, ज्यांना मी नीट ओळखतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बहीण न्यायला आली. बेल वाजताच मी, का कुणास ठाऊक, पलंगावर पडून राहायच्या ऐवजी ताठ चालत जाऊन दार उघडलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"पोट दाखव."

मी कुडता वर केला. पट्ट्या निघाल्या होत्या. चार बारीक लाल खुणा. बहीण वाकून बघत राहिली, मग एका खुणेजवळ बोट नेलं, लावलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"मला दोन महिने सरळ उभं राहता येत नव्हतं," ती म्हणाली. "मुलाचे पेपर होते, त्याला बसून शिकवता येत नव्हतं. आणि तू आठवड्याच्या आत दार उघडतेस." तिने माझा कुडता खाली ओढला. "मला कुणी विचारलंच नाही गं ताई. लहान हवं की मोठं, असं मला कुणी विचारलंच नाही."

"अगं, पण तूच मला मोठं कर म्हणत होतीस!"

"मग काय म्हणणार?" ती ओरडली. "माझं सगळं फुकट गेलं असं म्हणू?"

आई मधे उभी होती, पिशवी हातात घेऊन. "चला," एवढंच म्हणाली. त्या दोघी जिना उतरत असताना मी वर उभी राहून ऐकत होते. बहीण आईला हात देत होती आणि आई म्हणत होती, "तू वाकू नकोस, मी धरते कठडा."

रागाच्या भरात मी त्याच दुपारी पलंगावरच्या चादरी भिजवल्या आणि पाण्याने भरलेली बादली उचलून मोरीत नेली. संध्याकाळपर्यंत कपड्यांवर रक्त दिसायला लागलं. यजमान घाबरले, मीही घाबरले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला चांगलं झापलं. "बाहेर लहान आहे, बेन. आत लहान नाही. आतून सगळं काढलंय तुमचं. बादली कुणी उचलायला सांगितली होती?" नशिबाने टाके सुटले नव्हते. पण पुन्हा बिछान्याला खिळवलं मला.

यजमानांची ड्युटी होती. मला न विचारता त्यांनी सुभानपुऱ्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मला वाटलं आई. दारात बहीण उभी होती, हातात कपड्यांची बॅग. तीन जिने चढून धापा टाकत होती आणि एक हात पोटाशी.

"आई?" मी विचारलं.

"आईला नाही आणलं. तिचे गुडघे सुजलेत तुझ्या जिन्याने." तिने बॅग ठेवली. "माझ्यावर भागव आता."

ती आठवडाभर राहिली. जड काही तिला उचलता येत नव्हतं आणि मलाही, त्यामुळे कुकर दोघींनी एकेक कान धरून उतरवायचा, असं चालायचं. एकदा तो हातातून निसटणार होता तेव्हा दोघींना इतकं हसू फुटलं, की ती तिचं पोट धरून आणि मी माझं धरून स्वयंपाकघरात खालीच बसलो. हसताना दुखत होतं, म्हणून आणखी हसू येत होतं.

भांडलोही. भाजीत ती गूळ घालते, सुभानपुऱ्यात राहून पक्की गुजरातण झालीय. मी नको म्हणायची. ती घालायचीच.

एका दुपारी ती माझ्या शेजारी आडवी झाली आणि तिने आपणहून तिचा व्रण दाखवला. मी तो कधीच पाहिला नव्हता. मला वाटायचं, एक रेघ असेल. दोरी आवळल्यासारखा होता तो, खालच्या बाजूला फुगवटा. ती खोकली तशी तो वर आला आणि खाली गेला.

"आई रोज पट्टा बांधायची तुला," मी म्हटलं. "मला वाटायचं, किती लाड."

"मान वळवून बांधायची ती," बहीण म्हणाली. "बघवायचं नाही तिला. बांधून झालं की आत जाऊन रडायची. मला ऐकू यायचं. मग मी मुद्दाम हाका मारायची, उशी दे, पाणी दे. म्हणजे रडणं थांबेल."

तिला आणखी काही विचारायचं होतं. "तुझी डॉक्टरीण माझं हे बघेल का गं?"

महिन्याभराने आम्ही दोघी गेलो. डॉक्टरीणबाईंनी बहिणीला सर्जनकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की हर्नियाही दुर्बिणीने दुरुस्त करता येईल, आतून जाळी लावून. या वेळी बहिणीने इतके प्रश्न विचारले की बाहेर बसलेले पेशंट कंटाळले. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. माझ्या वेळी मी एवढे प्रश्न विचारले नव्हते, असं वाटून उगाच वाईट वाटलं.

तिचं ते ऑपरेशन नीट पार पडलं. तोपर्यंत मी कामावर रुजू झाले होते. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं होतं, जिना चढताना दम लागत नव्हता आणि रात्री एकदाही न उठता झोप लागत होती. त्या पांढऱ्या सलवारवाल्या मुलीला मी तिची ओढणी धुऊन परत केली, सोबत एक नवी दिली.

आई अजून सुभानपुऱ्यालाच आहे आणि तिथेच राहणार, हे मला आता कळतं. मी रविवारी जाते, तिच्या मैत्रिणींनाही ओळखायला लागलेय, त्यातली एक तर मला अजिबात आवडत नाही, कारण ती आईला माझ्यापेक्षा जास्त हसवते. मत्सर हा काही पिशवीतल्या गाठीसारखा नसतो, की दुर्बीण घालून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढला आणि झालं.

परवाच आईचा फोन आला. आनंदात होती. म्हणाली, "अगं, धाकटीला एकदम बरं वाटतंय. आज इतक्या दिवसांनी स्कूटर काढली तिने. मंगळबाजारात गेलीय, खरेदीला."

मी म्हटलं, "मला न घेता?"